जुन्या फ्लॉप्यांचा पंचनामा

परभणी जिल्ह्याने एकविसाव्या शतकात पहिलं पाऊल टाकलं ते गुरुवार, दिनांक २४ फेब्रुवारी १९९४ रोजी, दुपारी सव्वातीन वाजता. पाऊल अनवाणी होतं, कारण उमेदवार नोंदणी कचेरीतल्या संगणकाच्या खोलीत चपला घालून जायला बंदी होती. शुक्रवारी सकाळी ते पाऊल मागे घ्यावं लागलं.

त्याचं झालं असं. गुरुवारी औरंगाबादहून एक इंजिनिअर आला. कचेरीच्या सर्व्हरमधल्या डेटाबेसची जुनी आवृत्ती काढून त्याने नवी बसवली. बसवून झाली आणि लाइट गेली. मग त्याने दोन बालूशाह्या खाल्ल्या, "आता दुप्पट वेगानं चालेल बघा," असं सांगितलं आणि एस्टी पकडली. यंत्र चालू करून बघायचं तेवढं राहिलं.

शुक्रवारी सकाळी हेडक्लार्क माणिकरावांनी बटण दाबलं. पडदा उजळला, आकडे पळाले, डेटाबेस उठायला लागला, इंग्रजीत चार ओळी आल्या आणि सगळं काळं झालं. मग यंत्र आपलं आपणच पुन्हा सुरू झालं. आकडे पळाले, चार ओळी आल्या, काळं. असं नऊ वेळा झालं. माणिकरावांना त्यात विशेष काही वाटलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत सकाळी उठता उठता पुन्हा आडवे होणारे पुष्कळ सहकारी त्यांनी पाहिले होते. फक्त त्यांना कुणी एसी लावून दिला नव्हता.

त्या चार ओळी वाचेपर्यंत टिकत नव्हत्या, म्हणून माणिकरावांनी एकेका फेरीत एकेक ओळ कागदावर उतरवून घेतली आणि डिक्शनरी काढून बसले. अर्थ असा निघाला की, फाइली जुन्या आवृत्तीच्या आहेत; आधी त्या जुन्या आवृत्तीत उघडा, बदलून घ्या, मगच मला चालू करा.

"म्हणजे सोपं आहे की," ते म्हणाले. "दिनकरराव, जुन्या आवृत्तीच्या फ्लॉप्या काढा बरं."

दिनकरराव भांडारपाल. कचेरीतल्या प्रत्येक टाचणीला त्यांनी नंबर दिलेला होता.

"त्या न्हाईत," ते म्हणाले.

"कुठं गेल्या?"

"नष्ट केल्या. काल संध्याकाळी. पंचनामा करून." आणि त्यांनी फाइल पुढे केली.

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा दिनकररावांच्या मेहुण्याच्या कॉलेजात जुन्या नावाचे शिक्के पंचांसमोर फोडले होते. ते मेहुण्याने जेवताना सांगितलं होतं. ज्या नावासाठी सोळा वर्षं माणसं तुरुंगात गेली, घरंदारं जळाली, जीव गेले, त्या सगळ्यातून दिनकररावांनी एवढाच बोध घेतला होता, की नवं आलं की जुनं पंचांसमोर फोडायचं.

माणिकरावांनी पंचनामा वाचला. वर्णन: काळ्या रंगाच्या, चौकोनी, नग सहा. स्थिती: चांगली. विल्हेवाट: हातोडीने. पंच म्हणून शिपाई सिताराम आणि समोरचा पानवाला यांच्या सह्या होत्या.

"सिताराम, तू तरी बोलायचं होतंस."

"मला म्हणले पकड, मी पकडलं," सिताराम म्हणाला. "हातोडी त्यांनीच मारली. माझं बोट वाचलं, ते बघा आधी."

माणिकराव कोपऱ्यावरच्या एसटीडीवर जाऊन औरंगाबादला फोन करून आले. जुन्या फ्लॉप्या त्यांच्याकडे होत्या. इंजिनिअर मात्र जालन्याला गेला होता आणि मंगळवारी येणार होता. मंगळवार म्हणजे एक मार्च. परत येताना माणिकरावांना व्हरांड्यात चांगुणाबाई बसलेली दिसली.

चांगुणाबाई जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची. सातवी पास, घरी सात शेळ्या, आणि नवरा गेल्यापासून रोजगार हमीच्या कामावर. अकरा वर्षांपूर्वी तिने या कचेरीत नाव नोंदवलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या जोगती जागा निघाली होती: जिंतूरच्या मुलींच्या वसतिगृहात मदतनीस, त्याच तालुक्यातली, भटक्या जमातीची बाई, वय पस्तीसच्या आत. दहा नावं मागवली होती. यादी ज्या दिवशी कचेरीतून निघेल, त्या दिवशीचं वय धरलं जाई. चांगुणाबाईला एक मार्चला पस्तीस पुरी होत होती, आणि मधले शनिवार-रविवार सुट्टीचे, सोमवारी आबासाहेब, म्हणजे कचेरीचे मोठे साहेब, दौऱ्यावर. त्यांच्या सहीशिवाय यादी निघत नव्हती. जे काय व्हायचं ते आजच.

"सायेब, माझं नाव जायलंय ना आज?"

"मशीन बंद पडलंय, बाई."

"मग? माझं नाव त्याच्यात अडकलंय का?"

"हो. सोळा हजार नावं अडकलीत."

"मला सोळा हजाराचं काय करायचंय? माझं एक काढा."

माणिकराव तिला डेटाबेस समजावून सांगणार होते, पण त्यांना स्वतःलाच तो समजला नव्हता.

"तुमीच म्हणला व्हता की बाई, थांब, नंबर येईल," चांगुणाबाई म्हणाली. "थांबले. आता नंबर आला तर माझं वय सरायलंय."

"वय नाही सरत, अट सरते."

"एकच झालं की. मला कुटं दोन हाएत?"

तिने पिशवीतून आपलं नोंदणीचं पत्र काढलं. निळ्या शाईतलं अक्षर माणिकरावांचंच होतं, तेव्हाचं, वळणदार. ते अक्षर बघता बघता त्यांना आठवलं, की हे पत्र लिहिलं त्याच दिवशी कचेरीसाठी एक कार्डही लिहिलं होतं. प्रत्येक उमेदवाराचं एक कार्ड, तालुकावार पत्र्याच्या पेट्यांत.

"दिनकरराव, ती कार्डं फोडली का?"

"फोडायचीच होती," दिनकरराव खंतावून म्हणाले. "पण हजाराच्या वर नग असले की तीन पंच लागतात. तिसरा मिळंना."

"मग पेट्या आहेत कुठं?"

दिनकररावांनी नुसतं संगणकाच्या खोलीकडे पाहिलं. सर्व्हरसाठी टेबल अजून मंजूर व्हायचं होतं. तोवर तो अकरा पेट्यांवर, वर भरतकामाची चादर घालून, उभा होता.

चपला आणि वायरी काढून तिघांनी सर्व्हर उचलला आणि फरशीवर ठेवला. दीड वर्षात पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी उपयोगी पडला: बाजूला झाला.

जिंतूर तालुक्याच्या पेट्या खालून दुसऱ्या ओळीत निघाल्या. बायकांची कार्डं गुलाबी होती, म्हणून निम्मं काम वाचलं. उरलेलं काम साडेतीनपर्यंत चाललं. सिताराम वाचायचा, दिनकरराव प्रत्येक कार्डाची पावती मागायचे, माणिकराव त्यांना गप्प करायचे. शेवटी अटीत बसणारी कार्डं एका बाजूला जमली. चार होती.

"दहा मागितलीत," सिताराम म्हणाला.

"दहा नाहीत," माणिकराव म्हणाले.

सोळा हजारांतली चार. चांगुणाबाई नोंदणीने दुसरी. व्हरांड्यातून तिने विचारलं, "सापडले का मी?"

"सापडलात. बसा."

पण अडचण अजून होतीच. एक फेब्रुवारीला आबासाहेबांनी जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यालयांना स्वतःच्या सहीने कळवलं होतं, की यापुढे आमच्याकडून येणारी यादी फक्त संगणकावरची असेल. हातानं लिहिलेली किंवा टाइप केलेली आल्यास ती रद्द समजावी. टाइप केलेली यादी सगळ्यात आधी रद्द केली असती ती आबासाहेबांनीच.

माणिकराव उठले, प्रिंटरखालच्या खोक्यातून दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद ओढला आणि आपल्या जुन्या टाइपरायटरमध्ये चढवला. कागद रुंद होता. सिताराम त्याचा घोळ दोन्ही हातांनी सावरत मागे उभा राहिला. माणिकरावांनी चार नावं टाइप केली. खाली, स्वतःच्या मनाने, एक अगम्य आकडा आणि तीन फुल्या घातल्या. कडा फाडल्या नाहीत. भोकांशिवाय त्या कागदात संगणकाचं काही नव्हतंच.

पावणेपाचला यादी आबासाहेबांपुढे गेली. त्यांनी ती हातभर लांब धरून पाहिली.

"नवी आवृत्ती का ही?"

"हो साहेब."

"सुबक आहे. फक्त र जरा खाली पडतोय."

तो र एकोणीसशे ऐंशीपासून खाली पडत होता.

"त्याला अजून मराठीची सवय नाही, साहेब."

"होईल, होईल. वेग मात्र मानला पाहिजे," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. यादी जावक झाली. चांगुणाबाई शेवटच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाली. जाताना तिने संगणकाच्या खोलीत डोकावून फरशीवरच्या सर्व्हरकडे पाहिलं.

"ह्याला भुईवर ठिवला तर गपगार निजलाय बघा," ती म्हणाली. "उगं उठवू नका."

मंगळवारी इंजिनिअर आला. त्याने जुनी आवृत्ती बसवली, फाइली बदलल्या, नवी बसवली. यंत्र एका दमात सुरू झालं आणि टेबल मंजूर नसल्याने पुन्हा पेट्यांवर गेलं. त्या दिवशी यंत्राने पहिलं काम केलं ते वयाची अट उलटलेल्यांची नावं कमी करण्याचं. त्यांत चांगुणाबाईचं नाव होतं. संगणकामुळे कामाला आलेल्या गतीबद्दल आबासाहेबांनी वर एक टिपण पाठवलं, सोबत नमुना म्हणून ती यादी जोडली, आणि वरून अभिनंदनाचं पत्र आलं. दिनकररावांनी ते नोंदवून घेतलं.

वसतिगृहाने चौघींना मुलाखतीची पत्रं धाडली. एकीला आधीच अंगणवाडीत काम लागलं होतं. एक सोनपेठला नांदायला गेली होती. एकीचं पत्र, पत्ता सापडत नाही म्हणून, परत आलं.

जागा एक होती. मुलाखतीला चांगुणाबाई एकटीच आली.