दुसरं बोट

वेचणीच्या दिवसांत आमच्या जानेफळच्या शेतांत लेकरं रडत नाहीत. बाभळीखाली पाच-सहा झोळ्या टांगलेल्या असतात आणि सगळ्या गप्प. सकाळी अफूचं बोट चाटवलं की दुपारपर्यंत आया मोकळ्या. घरात मीठ यावं तशी ठेक्यावरून, सरकारी परवान्याच्या दुकानातून, अफू येते. आमच्या मामंजींच्या कमरेला तर डबी कायमचीच.

मी मात्र मिरवायचे. माहेरी चार इयत्ता शिकलेली. "माझ्या पुष्पीला मी कधी देणार नाही," असं यांना सांगून टाकलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नुसत्या हसल्या होत्या. "पाहू ना बाई, दात येऊ दे तिले."

दात आले. पुष्पी सात महिन्यांची. तीन दिवस सारखी रडत होती. मी झोळीकडे पळायचे, वेचणीच्या पातीत, ओळीत, मागे पडायचे, अन् पुढून रुखमाबाई ओरडायची, "काऊन वं शायेतले बाई, कापूस वेचतं का वाचतं?" बाया हसायच्या.

चौथ्या सकाळी मी मामंजींची डबी उघडली. मुगाएवढी अफू दुधात कालवून पुष्पीला चाटवली, बोट पदराला पुसलं आणि कोणाला सांगितलं नाही.

शेतात आत्याबाईंनीही दिली. मी रागावेन म्हणून, मला चोरून.

दुपारी पाजायला गेले तर पुष्पी तोंड उघडेना. ओठ जांभळे, मान लुळी. माझ्या किंकाळीने शेजारच्या वावरातून हकीम रहेमतुल्ला धावत आले. त्यांनी पापणी उचलून पाहिली.

"अफू हाय. किती देल्ली? एक बोट असंल त हिंगपाण्यानं भागंल. ज्यादा असंल त आत्ताच मेहकरच्या दवाखान्यात न्या लागंल. सच सांगा."

"म्या देल्ली," आत्याबाई म्हणाल्या. "एकच बोट."

साऱ्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या. माझ्याकडे कोणीच नाही. मी पुष्पीचे तळवे चोळत गप्प राहिले. किती वेळ, ते मला नेमकं माहीत आहे: रुखमाबाई विहिरीवरून पाण्याची बादली भरून आणेपर्यंत. मग पुष्पीचा श्वास अडकला, तेव्हा तोंड फुटलं.

"मीबी देल्ली. सकाळी." हळूच म्हटलं; हकीम अन् आत्याबाई यांनीच ऐकलं.

रहेमतुल्लांनी लगेच मेहकरला न्यायला दमणी, हलकी बैलगाडी, जुंपायला लावली.

पुष्पी वाचली. हे तेव्हा कापसाच्या गाड्या घेऊन खामगावला गेलेले. परत आल्यावर बायांकडून आत्याबाईंनी अफू दिली एवढंच कानावर पडलं, त्यावरून आईला नको ते बोलले. "आता माह्या लेकराले हात लावजो नोको." आत्याबाई चुलीपुढे मान खाली घालून बसल्या. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. आठ दिवस.

नवव्या दिवशी पुष्पीने आत्याबाईंकडे हात पसरले आणि त्या उठून परसात गेल्या. तेव्हा मी यांना सगळं सांगितलं.

"माय, खरं व्हय का हे?" यांनी विचारलं.

"तिचं काय आयकतं बे? घाबरून कायबी बोलते."

हे माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेले. मी पुष्पीला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवायला वाकले, तर त्यांनी हात मागे घेतले.

"ने तिले," त्या हळूच म्हणाल्या. "मी तुले भेली, अन् तू त्या बायाले. आपल्या दोघीत तिच्यासाठी मंग होतं कोन?"

मी पुष्पीला पोटाशी धरून तिथेच उभी राहिले.