गवंडीमामांची भिंत आणि पाचची वाट

मामा गवंडी. घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. पुढच्या आणि मागच्या खोलीमधली दगडी भिंत तर अशी जाड घातली, की एकदा मामा पुढे शिंकले आणि मामींचं "जपा हो" मागच्या खोलीतून यायला दुसरा दिवस उजाडला. खोटं वाटत असेल तर भिंतीलाच विचारा. तिला दार नव्हतं. मागे जायचं तर अंगणातून वळसा. मामांनी तिच्यात कधी खिळा ठोकू दिला नाही. एक खिडकी तरी पाडा म्हणून मामी लग्नापासून मागे लागलेल्या. मामा ऐकतील तर शपथ.

आता खुब्याचं हाड मोडून मामी मागच्या खोलीत पडून होत्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नसे. दोघी हातांनीच बोलायच्या. संध्याकाळी मोबाइलवर दूरची बहीण दिसली की मामी दुखणं विसरायच्या. पण हल्ली चित्र अडकायचं. बहिणीचा हात हवेत तो हवेतच, आणि मामी अर्धं वाक्य उशाशी घेऊन तळमळायच्या.

"अशा तुटक गप्पांपेक्षा नकोच तो फोन," त्या एकदा म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मामांनी वायफायची कामं करणाऱ्या भाचीला बोलावलं. तिनं पुढच्या खोलीत नवा राउटर लावला.

"मामा, यात सिग्नलच्या दोन वाटा आहेत. दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झची दमानं चालते, पण भिंतीतून शिरते. फक्त तुमच्या जुन्या राउटरसकट सगळी आळी तिच्यावरच, म्हणून गर्दी. पाचची सुसाट, मोकळी. पण जाड भिंत आली की मान टाकते."

"पाचचीच लाव. आपल्याकडे मरतुकडं चालत नाही."

पुढच्या खोलीत चित्र कसं नितळ! मोबाइल मागे नेला, तर नुसतं चक्र गरगर.

"याच्याहून नवा वायफाय निघालाय म्हणे? सहावा, सातवा?"

"सातवा आणा नाहीतर सत्तरावा, तुमच्या भिंतीपुढे सगळे सारखेच. घाबरू नका, तार अंगणातून फिरवून मागे नेते. भिंतीला धक्काही लागणार नाही."

मामा खूश होऊन मामींना सांगायला मागे गेले. मामी तशाच, भिंतीकडे तोंड करून. कौतुकाची ती भिंत मामांनी पहिल्यांदाच मामींच्या बाजूनं पाहिली. परत आले ते घण घेऊन.

"मामा, अहो तार बाहेरून..."

"तार कुत्री कुरतडतील. बाजूला हो!"

मामींची खाट अंगणात काढली आणि घण बसू लागला. धुरळा असा उठला, की आळीतल्या कोंबड्या संध्याकाळ झाली समजून भरदुपारी खुराड्यात शिरल्या. शेवटी चांगली हातभर रुंद खिडकी झाली. पाचची वाट तिच्यातून सरळ मामींच्या खाटेपर्यंत गेली.

संध्याकाळी बहिणीचे हात पाण्यासारखे वाहत होते. मामी खिडकीकडे मोबाइल फिरवून हसत सुटल्या.

"काय म्हणते ती?" मामांनी खिडकीतून डोकं घातलं.

"म्हणते, चौकट एका अंगाला झुकलीय."

"इतक्या लांबून काय दिसतंय तिला!" मामा ओळंबा आणायला धावले. दोरी सोडली, एक डोळा मिटला. झुकली होती. अगदी सुताएवढी.

"ए पोरी," मामा पुटपुटले, "ती दोन पॉइंट चारचीच बरी होती गं."