गेले म्हणजे कुठे?

नकाशावर तो लाल डाग उमटला तेव्हा बयोनं टेबलावर अशी थाप मारली की शेजारणीचा चहा बशीत उडाला.

"सापडलं असेल तर सांग बाई, पण कप फोडू नकोस," शेजारीण म्हणाली. पलीकडच्या खुर्चीत बसून ती स्वतःच्या पीएचडीसाठी समुद्रातल्या माशांची आकडेमोड करायची, त्यामुळे तिला कसलीच घाई नसायची.

बयो हे कागदावरचं नाव नव्हे, मावशीनं लाडानं ठेवलेलं. पण ती संख्याशास्त्राच्या पीएचडीला आली, अंदाज आधी बांधून मग सुधारत जा म्हणणाऱ्या बेझ नावाच्या जुन्या गणितज्ञाच्या पंथाला लागली, आणि 'बेझची बयो' म्हणून सगळ्या विभागानं ते नाव गोंदल्यासारखं पक्कं करून टाकलं.

तीन वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. चौदा डायलिसिस केंद्रं, साडेतीन हजार रुग्ण. कोण किती काळ तगतो, आणि कुठल्या भागातल्या केंद्रात जातो यानं त्यात काही फरक पडतो का? लहान केंद्रात दोन माणसं दगावली की आकडा लगेच बोंब ठोकतो. बयोचं मॉडेल म्हणायचं, थांब, आधी शेजाऱ्यांना विचार. आजूबाजूच्या केंद्रांवरून अंदाज बांधायचा आणि मग स्वतःच्या आकड्यांनी तो दुरुस्त करायचा. शहाणी माणसं आयुष्यातही असंच करतात. उरलेली अहवाल लिहितात.

आणि मॉडेलनं एवढी समजूत घालूनही कालव्यापलीकडचं केंद्र लालच राहिलं. तिथं मरण्याचा वेग इतरांच्या दुपटीहून जास्त!

तिचे मार्गदर्शक सर धावत आले. चष्मा कपाळावर, हातात अर्धवट सोललेलं संत्रं. "बयो, हा तुझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय नाही, ही तुझी पदवी आहे!" म्हणाले आणि संत्र्याच्या चार फोडी तिच्या हातावर ठेवल्या. सरांनी कुणाला फोड दिल्याचं विभागात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्या सोमवारी संध्याकाळपर्यंत नकाशा आरोग्य खात्याच्या साहेबांकडे पोचला. शुक्रवारी चार वाजता बैठक, बयोनं नकाशा समजावायचा आणि साहेबांनी केंद्र बंद करायच्या आदेशावर सही करायची. आदेश टाइपही झाला होता. आठ मशिनं, नव्वद रुग्ण. त्यांनी कुठं जायचं, ते त्यात कुणी टाइप केलं नव्हतं. लांब बसून माणसं मोजणाऱ्यांची एक जमात असते, तिला लाल रंग दिसला की हात शिवशिवतात. बयोही त्याच जमातीतली. तीन वर्षांत तिनं त्या केंद्राची पायरी चढली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती बैठकीसाठी एक देखणी आकृती काढायला बसली. केंद्रातले मृत्यू तारखेप्रमाणे ओळीनं मांडायचे, बस. आकृती उमटली आणि बयो खुर्चीतून उठलीच.

लाल केंद्रातले एकसष्ट मृत्यू एक तारखेला झाले होते. कधी मार्चची एक, कधी जुलैची एक. इतर तेरा केंद्रांत माणसं वाटेल त्या दिवशी मरत होती, माणसं मरतात तशीच.

"यम काय कॅलेंडर बघून येतो?" ती मोठ्यानं म्हणाली.

"माझ्या माशांकडे तरी नाही येत," शेजारीण म्हणाली.

बयोनं लॅपटॉप काखोटीला मारला आणि बस पकडली.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. आठ खाटा, आठ मशिनं, नळ्यांतून फिरणारं रक्त, आणि मधूनच केकाटणारा एखादा अलार्म, ज्याच्याकडे तंत्रज्ञाशिवाय कुणीही मान वळवत नव्हतं. दाराशी टेबल, टेबलावर जाडजूड नोंदवही, आणि वहीमागे तिच्याहून भक्कम नोंदणीच्या बाई.

"बाई, मार्चच्या एक तारखेला इथून पाच माणसं गेली?"

"गेली ना."

"पाचही एका दिवशी?"

"मग? पाळ्या एक तारखेलाच बदलतात. ज्यांना पहाटेची पाळी झेपत नाही ते जातात. स्टेशनाजवळ नवीन केंद्र झालंय ना, तिकडं."

बयो वहीवर वाकली. "आणि... जे वारतात?"

"त्यांना मी वारले लिहिते. गेलेल्याला गेले, वारलेल्याला वारले. यात अवघड काय आहे, पोरी? तुमच्याकडं कसं लिहितात?"

तिच्याकडे कसं लिहितात? पहिल्या वर्षी वह्या टाइप करायला दिल्या तेव्हा बयोनंच सूचनेचा कागद लिहिला होता, स्वतःच्या अक्षरात: मृत, निधन, वारले, गेले, या सगळ्यांसमोर एक लिहावा. बाकीच्यांसमोर शून्य. बयोच्या घरात माणसं मरत नसत, जात. आजोबा गेले, काका गेले. त्या एका शब्दाखाली तिनं एकसष्ट जिवंत माणसं पुरली होती.

तेवढ्यात दारातून एक उंच, वाळका म्हातारा आत आला. "बाई, माझे जुने रिपोर्ट काढून ठेवले का? तिकडं मागतायत."

"हे बघ," बाई बयोला म्हणाल्या, "हा गेलेला. बस चालवायचा. गेला तरी पिच्छा सोडत नाही."

बयोनं बाईंना त्याचं नाव विचारून लॅपटॉपवरच्या यादीत बोट फिरवलं. तेविसावी ओळ. "काका," ती चाचरत म्हणाली, "माझ्या हिशेबानं तुम्ही तीन वर्षांपूर्वी वारलात."

म्हाताऱ्यानं विचार केला. "घरी कळवलंय का? नाही, आज सकाळीसुद्धा बायको माझ्यावर ओरडली, म्हणजे तिला अजून पत्ता नाही."

पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण एवढा हसला की त्याचं मशीन केकाटायला लागलं. तंत्रज्ञ धावला. "काका, हात हलवायचा नाही म्हणून किती वेळा सांगायचं!"

बयो मात्र हसलीही नाही आणि रडलीही नाही. तिच्या अंगात वारं शिरलं होतं. लाल डाग खोटा होता, पण खरं काय ते इथंच होतं, या वहीत, हाताच्या अंतरावर! "बाई, स्टेशनाजवळच्या केंद्राला फोन लावता? एकसष्ट नावं विचारायचीत. आत्ता."

बाईंनी फोन लावला. तिकडची नोंदणीवाली त्यांची जुनी भांडणाची मैत्रीण निघाली. इकडून बाई नाव ओरडायच्या, तिकडून उत्तर यायचं, आणि हात धुवायच्या बेसिनशेजारी स्टुलावर बसलेली बयो टाइप करायची. आहे. आहे. आहे, आणि आता खाटेवर झोपलाय. आहे, आणि फार कटकट करतो. पाऊण तासात सत्तेचाळीस माणसं सापडली, सगळी हयात. चौदांचा पत्ता तिथं नव्हता.

बयोनं शेजारणीला फोन केला. "तुझे मासे थांबव. मी दोन फायली पाठवते, दोन्ही विभागातल्या मोठ्या संगणकावर चढव."

"दोन कशाला?"

"एकीत गेलेला प्रत्येक माणूस निदान जायच्या दिवसापर्यंत जिवंत होता, एवढंच धरलंय. पुढचं माहीत नाही म्हणजे माहीत नाही. दुसरीत ते चौदाजण दुसऱ्याच दिवशी मेले असं धरलंय."

"अगं बाई! मुद्दाम मारतेस?"

"मुद्दाम. सर विचारणार."

साडेतीनला ती विभागात पोचली, केस विस्कटलेले, हाताला जंतुनाशकाचा वास. सरांना तिनं जिन्यातच सगळं सांगितलं. सरांचा चेहरा पडला.

"आज फक्त 'अजून तपासतोय' म्हण," ते हळूच म्हणाले. "नकाशा मागे घेतलास तर अध्याय गेला. वर्ष गेलं."

"जाऊ दे, सर."

बैठकीत साहेबांनी पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं. बयोनं लाल नकाशा दाखवला, म्हणाली, हा चुकलाय, आणि चूक माझी आहे. मग पहिल्या फायलीचा नकाशा लावला. लाल डाग नव्हता. कालव्यापलीकडचं केंद्र शेजाऱ्यांसारखंच फिकट पिवळं.

खोलीत चुळबुळ झाली. आणि सर उभे राहिले. "एक मिनिट. माणसं तब्येत ढासळली म्हणूनच निघून गेली असतील तर? मग 'माहीत नाही' म्हणून सुटता येणार नाही."

हा प्रश्न तिला बुडवायला नव्हता. सरांचं डोकं पुन्हा ताळ्यावर आलं होतं, डोळे चमकत होते. बयोला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"म्हणून चौदाजण मारलेत, सर." तिनं दुसरा नकाशा लावला. पिवळा थोडा गडद झाला होता, नारिंगीसुद्धा नाही. "वाईटात वाईट धरलं तरी इतकंच."

"वा!" सर म्हणाले आणि खाली बसले.

साहेबांनी आदेशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, सोमवारी हे केंद्र जीवघेणं होतं, आज चांगलं आहे. मी कुठल्या दिवशीचं ऐकू?"

"चांगलं आहे असं मी म्हणत नाहीये. बंद करण्याइतका पुरावा नाही, एवढंच म्हणतेय. आणि उरलेल्या तेरा केंद्रांत 'गेले' लिहिताना काय मनात असतं ते मला अजून माहीत नाही. म्हणजे माझा सगळाच नकाशा कच्चा आहे."

"हे लेखी द्याल? चुकीसकट?"

बयोनं कागद ओढला. तिसरा अध्याय त्या कागदावरच संपणार होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पहिलं वाक्य लिहिलं: "सूचनेच्या कागदातली चूक माझी आहे." खाली सही ठोकली, आणि साहेबांनी टोपण पेनाला लावायच्या आतच ती सरांकडे वळली. "येत्या सोमवारी वह्या तपासायला पहिलं केंद्र कुठलं घ्यायचं?"