कर्ता गाळून

अंकिता अंगणातल्या जांभळीखाली उभी राहून जोरात किंचाळली. कडेवरचा तिचा लेक यशराज आधी दचकला, मग टाळ्या वाजवत हसू लागला. ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसलेल्या काशीबाईंच्या हातून एक दाणा निसटला आणि पायरीवरून घरंगळत गेला.

"काय झालं गो? विंचू?"

"नाही आई, नाटक. त्या पोरी कोर्टात अशाच किंचाळतात."

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या या वाडीत फोनला रेंज मिळे ती फक्त जांभळीखाली. त्यामुळे लग्नानंतर पुन्हा सुरू केलेल्या बी.ए.चा तिचा सगळा अभ्यास उघड्यावर, सासूच्या देखत चाले. स्पीकरवर महाडची उमैमा होती, तिच्याच वर्गातली. उद्या महाडच्या कॉलेजात इंग्रजीचा पेपर होता. अर्धा या नाटकावर, उरलेला व्याकरण आणि शब्दार्थांवर.

पेपरला जायला मिळेल की नाही, हेच अजून ठरलं नव्हतं. उद्याच पोलादपुरात डोळ्यांचं शिबिर होतं आणि काशीबाईंचा मोतीबिंदू वाढत चालला होता. अंकिताचा नवरा भरत कारखान्यात दिवसपाळीला. मग यशराजला कोण बघणार? अंकिताने सकाळी भीतभीतच समोरच्या बयाबाईंचं नाव काढलं होतं. काशीबाईंनी चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं.

गेल्या वर्षी गोठ्यातल्या रेडकाला बयाबाई 'गोजिरं हाय गो' म्हणाली आणि त्याच आठवड्यात ते मेलं. तेव्हापासून तिची नजर वाईट ठरली. ती समोरून आली की बाया पोरांवर पदर घेत.

"एवढं काय हाय त्या नाटकात?" काशीबाईंनी विचारलं.

अंकिताने सांगितलं. परदेशातलं जुन्या काळचं एक गाव. आपलं काहीतरी झाकायला पोरी गावातल्या बायकांवर चेटकाचा आळ घेतात. 'हो, मी चेटकीण' असं खोटंच कबूल करणारी सुटते, 'नाही' म्हणणारी फासावर जाते.

"आणि सगळा गाव ऐकून घेतो?"

"घेतो."

"कोणी दोन मुस्काटात नाय मारल्या त्या पोरींच्या?"

फोनमध्ये उमैमा खळखळून हसली. "काकी, हेच लिहू का आम्ही पेपरात?"

मग शब्द झाले. 'रूमर' म्हणजे अफवा, 'अक्यूज' म्हणजे आळ घेणं, 'विटनेस' म्हणजे साक्षीदार. त्यानंतर प्रयोग बदलणं. उमैमा इंग्रजीत वाक्य द्यायची, अंकिता ते फिरवायची आणि काशीबाईंनी डोळे मोठे केले की मराठीतही सांगायची. 'लोकांनी तिला रानात पाहिलं' याचं झालं, 'ती रानात पाहिली गेली.'

"कोणी पाहिली?"

"ते नाही सांगितलं तरी चालतं, आई. कर्ता गाळता येतो. मार्क कापत नाहीत."

"बरी सोय हाय! आळ घ्यायचा आणि नाव सांगायचं नाय."

अंकिताने यशराजला दुसऱ्या कडेवर घेतलं. सासूचा सूर हसरा होता, तेवढ्यात तिने विचारून टाकलं.

"आई, आपल्या रेडकाचं कोणी सांगितलं होतं?"

"सगळेच म्हणत होते."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे आपली मानसी." मानसी काशीबाईंची धाकटी जाऊ. "गणपतीत आली तेव्हा वाडीभर तीच तर सांगत होती."

"पण रेडकू मेलं तेव्हा मानसीकाकी मुंबईला होत्या ना?"

"होती की. मीच नाय का तिला फोन करून..."

काशीबाई थांबल्या. चिमटीतल्या वालाचं साल केव्हाच निघालं होतं, तरी त्या तो चोळत राहिल्या. मग परात उचलून आत गेल्या.

उमैमा "हॅलो, हॅलो" करत होती.

"पुढचं वाक्य दे," अंकिता हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीची वेळ होत आली तरी यशराजचं काही ठरलं नव्हतं. अंकिताने पिशवी खांद्याला लावली, काढून ठेवली, पुन्हा लावली. तोच काशीबाईंनी यशराजला उचललं, दुसऱ्या हातात वालाच्या बिरड्याचा डबा घेतला आणि अंगण ओलांडून त्या थेट समोर गेल्या.

बयाबाई दार झाडत होती. तिने यशराजकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली.

"धर गो याला. हात भरून आला माझा."

बयाबाईने केरसुणी टाकली, हात पदराला पुसले, पण पुढे केले नाहीत. रस्त्यावर बाया एसटीची वाट बघत उभ्या होत्या.

"बघतायत त्या, काशी."

"बघू दे. त्यांना ऐकू जावं म्हणून तर मोठ्याने बोलतेय."

यशराजला एवढा वेळ थांबवेना. त्याने स्वतःच झेप घेतली आणि बयाबाईला त्याला झेलावंच लागलं. तिच्या ओठांवर काहीतरी कौतुकाचं आलं. ते तिने गिळलं.

"बोल की," काशीबाई म्हणाल्या. "गोजिरा हाय तर हाय."

मग सासूसुना एकाच एसटीत बसल्या. पोलादपूर येईपर्यंत काशीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "नीट लिही. घाई करू नको."

पेपर छान गेला. उमैमाने तर बाहेर येताच तिला मिठीच मारली.

संध्याकाळी अंकिता वाडीत उतरली तेव्हा काशीबाई बयाबाईच्या ओटीवर होत्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे काळा चष्मा लावून ऐटीत बसलेल्या. यशराज बयाबाईच्या मांडीवर गाढ झोपला होता. काशीबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या.

"आलीस गो?" बयाबाई म्हणाली. "ही मघापासून तुझ्या नाटकाचं सांगतेय. शेवट तेवढा सांगत नाय. आळ घेतलेली बाई सुटते की नाय?"

अंकिताने तोंड उघडलं. पण काळ्या चष्म्याआडून काशीबाईच आधी बोलल्या.

"सुटते. जरा उशिरा, पण सुटते."

पेपरात निराळाच शेवट लिहून आलेल्या अंकिताने मान डोलावली आणि चपला काढून ती ओटीवर चढली.