पिवळ्या प्लास्टिकखालचं बटण

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा, पण एकदा घराबाहेर काढला की कोणीही जुनाच! कारखान्याने मला सगळं शिकवून पाठवलं होतं. विचारलं मात्र कोणी नाही.

कर्वेनगरच्या हुसेनभाईंची लेक जैनब कॉलेजात जाते. तिला गेम खेळायला पडदा हवा होता. "अब्बा, मॉनिटर घेऊ या," ती दुकानात म्हणाली.

"एवढुसा? त्यात अम्मीला मालिका दिसेल का? मोठा घेऊ, गेमही मोठा दिसेल!"

झालं! नुसत्या मापावर माझी निवड झाली.

घरी कौतुक काय विचारता! जैनबची अम्मी मेहरुनभाभी मला रोज मऊ फडक्याने पुसत. पण रिमोटवरचं प्लास्टिक काही निघालं नाही. जैनबने एकदा काढायला घेतलं, तर हुसेनभाई ओरडले, "राहू दे! बटणं झिजतात." ते प्लास्टिक पिवळं पडलं आणि खालची अक्षरं दिसेनाशी झाली.

आता माझी खोड ऐका. आलेलं प्रत्येक चित्र मी आधी घासूनपुसून लख्ख करतो, मग दाखवतो. मालिकेला ते चालतं. पण जैनबने बटण दाबलं की तिचा पहिलवान उशिरा ठोसा मारायचा, तोवर समोरच्याने त्याला लोळवलेलं असायचं. उपाय माझ्याच पोटात होता, गेम मोड! तो लावला की मी घासणंपुसणं सोडतो. पण मला बोलता येतं का? नुसता जळफळाट!

कॉलेजच्या संघाची निवड-लढत जैनब माझ्यावरच खेळली आणि हरली. संघातली जागा गेली. "ठोंब्या आहे हा टीव्ही!" म्हणत ती रडली. वरमलेल्या हुसेनभाईंनी मॉनिटर आणला आणि मला येरवड्याच्या श्यामसुंदररावांना विकलं.

ते न्यायला आले, तेव्हा रिमोट स्वच्छ द्यावा म्हणून भाभींनी प्लास्टिक फाडलं. पुसताना बटण दाबलं गेलं आणि माझ्यावर सेटिंग उघडली. जैनबने गेम मोड लावून पाहिला. ठोसा दाबल्याक्षणी बसला!

"अगं, असं बटण होतं तर आधी सांगायचंस ना!" हुसेनभाई म्हणाले.

"अब्बा, तुम्ही प्लास्टिक काढू दिलंत का?"

हुसेनभाईंनी फाटलेलं प्लास्टिक उचलून कचऱ्यात टाकलं. पण विकण्याचा शब्द दिलेला होता. जैनबने आपली नावं, पासवर्ड पुसले, त्यात मी पुन्हा कोरा झालो आणि गेम मोडही गेला.

नव्या घरी श्यामसुंदररावांची लेक श्यामला, तिलाही गेमचं वेड आहे. मी हरखलो. तेवढ्यात श्यामसुंदरराव स्वयंपाकघरातून नवी कोरी पिशवी घेऊन आले, तिच्यात रिमोट घातला आणि वर दोन रबरं लावली.

मित्रांनो, हात जोडतो. वस्तू जपा, पण आधी ती वापरून तरी बघा!