बॉयलरमधले ओट

दोनातचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या घरातली कुऱ्हाड थांबली. तोवर ऐंशीला टेकलेला हा म्हातारा बर्चची लाकडं स्वतः फोडायचा आणि चूलही स्वतःच पेटवायचा. मुलगी वेल्गा गावच्या पोस्टात कामाला. तिला ना वेळ, ना पाठीत तेवढा जोर. तिनं जुनी चूल पाडली आणि तळघरात बॉयलर बसवून घेतला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या, म्हणजे पेलेट, टाकीत ओतायच्या, बटण दाबायचं, की घरभर ऊब. बसवणारा कारागीर जाताना बजावून गेला होता, "ह्याला फक्त लाकडाचे पेलेट. कोरडे. दुसरं काही खाऊ घातलंत तर आजारी पडेल."

"माझ्यापेक्षा नाजूक आहे की हा," दोनात तेव्हा म्हणाला होता.

पुढचे काही हिवाळे बरे गेले. मग शेजारच्या देशांत युद्ध पेटलं, सीमेपलीकडून येणारा माल बंद झाला आणि घाबरलेल्या लोकांनी भर उन्हाळ्यातच पेलेटची गोदामं रिकामी केली. वेल्गाचा दुकानदार आधी सप्टेंबर म्हणाला, मग ऑक्टोबर, मग फोनच उचलेना. नोव्हेंबरात बर्फ पडला तेव्हा तळघरात मोजकीच पोती उरली होती.

शेजारचा एवाल्ड पत्र टाकायला पोस्टात आला. तिचा चेहरा बघून म्हणाला, "अगं, तोंड काय असं पाडून बसलीस? माझ्याकडे ओट पडलेत ढीगभर. कापणीला भिजले, बुरशी धरली. आता वाळलेत, पण डुकरंसुद्धा तोंड लावत नाहीत. निम्मे पेलेट, निम्मे ओट घाल. माझा मेहुणा तेच जाळतो."

"आणि बॉयलर बिघडला तर?"

"बॉयलरचं नंतर बघ. आधी म्हाताऱ्याचं बघ."

ते तिला पटलं. म्हणजे पटवून घेतलं तिनं.

पहिल्या दिवशी बॉयलर झकास चालला. संध्याकाळी दोनात काठी टेकत स्वयंपाकघरात आला. नाक वर करून त्यानं वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"ओटाची लापशी करतेयस? काय खमंग वास सुटलाय. लोणी घालशील ना जरा?"

वेल्गा लापशी करतच नव्हती; वास तळघरातून येत होता. मग तिनं फडताळातलं ओटाचं पाकीट काढलं, लापशी शिजवली, वर लोण्याचा गोळा सोडला. म्हाताऱ्यानं वाडगा पुसून खाल्ली.

त्यानंतर बॉयलरची कुरकुर सुरू झाली. लाल दिवा लागायचा, आग विझायची. आत बघावं तर राखेऐवजी खंगर, विटांच्या भट्टीत जळून काचेसारखे होतात तसे. वेल्गा सळईनं ते फोडून काढायची आणि पुन्हा पेटवायची. रोज खंगर मोठे होत चालले होते.

एका दुपारी ती घरी आली तर दोनात खोलीत नव्हता. तळघराचं दार उघडं. बॉयलरची शिटी ऐकून तो एकेक पायरी उतरून खाली गेला होता. टाकीचं झाकण बाजूला पडलेलं, आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत.

"हे काय आहे, वेल्गा?"

"खराब झालेत ते, बाबा. बुरशी आहे. डुकरंसुद्धा खात नाहीत."

"डुकरं खात नाहीत," तो म्हणाला. त्यानं मूठ बाहेर काढून नाकाशी धरली. "रूतानं खाल्ले असते."

रूता ही त्याची धाकटी बहीण. सोव्हिएत राजवटीनं सगळं कुटुंब सायबेरियात हाकललं तेव्हा दोनात शाळकरी होता. तिथून रूता परतली नाही, एवढंच वेल्गाला माहीत होतं. त्यापुढचं त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"आई कापलेल्या सरकारी शेतातून खिसाभर ओट घेऊन आली होती. बर्फाखाली कुजलेले. असेच काळे. तेवढ्यासाठी तिला धरून नेलं. ती सुटून येईपर्यंत रूता गेली." मूठ टाकीत सोडत तो म्हणाला, "आणि परवा मी लोणी मागितलं."

"मग मी काय करू?" वेल्गाचा आवाज चढला. "तुम्हाला गारठून मरू देऊ? पेलेट कुठून आणू, सांगा ना!"

"मला नाही माहीत, पोरी. पण ह्या उबेत मी बसणार नाही."

आणि तो बसला नाही. आपल्या खोलीतला रेडिएटर बंद करून, कोट आणि टोपी घालून खुर्चीत बसून राहिला. जेवण खोलीत नेलं तर खायचा, विचारलं तर बोलायचा. राग नाही, आदळआपट नाही. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटे. भिंतीच्या अलीकडे ती उबेत पडलेली असायची आणि पलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा.

शेवटी तिनंच हार मानली. टाकी पोत्यात रिकामी केली आणि ते पोतं स्वयंपाकघराच्या टेबलावर ओतलं. चाळणीनं नीट वेगळं होईना. दोनात येऊन समोर बसला. तांदळातले खडे निवडावेत तसे दोघं ओटांतून पेलेट निवडत बसले. त्याच्या थरथरत्या बोटांना तिच्याहून जास्त वेग होता.

निवडलेले पेलेट ओतून तिनं बटण दाबलं. बॉयलर घरघरला, लाल दिवा लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

कारागीर आला, आत डोकावला आणि म्हणाला, "ओट ना? यंदा सगळ्यांचं हेच. कुणी चेरीच्या बिया, कुणी रंगवलेल्या फळ्या कुटून. ताई, ओटाची राख वितळते. तुमची जाळी तडकलीय, आग पेटवणारी विजेची कांडीही गेली. सुटे भाग नाताळानंतर येतील, तेही आले तर."

वेल्गानं विजेची शेगडी आणली. त्या शेगडीनं जेमतेम समोरची फरशी तापायची. दोनातचा खोकला छातीत उतरला. तालुक्याच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होती.

"तिथं काय जाळतात?" दोनातनं विचारलं.

"लाकडाचा चुरा, बाबा. विचारलंय मी."

"मग ठीक आहे." एवढं बोलून तो बूट घालू लागला.

जानेवारीत सुटे भाग आले, पेलेटही आले. बॉयलर सुरू होताच वेल्गा त्याला आणायला गेली. तो खिडकीपाशी बसला होता, खूप वाळलेला. तिनं घर तापल्याचं सांगितलं. तो हसला. "राहू दे गं आता. मला दारापुढच्या पायऱ्याही झेपणार नाहीत." तिनं आग्रह केला, मग विनवण्या केल्या. त्यानं तिच्या हातावर थोपटलं आणि बाहेरच्या कावळ्यांकडे बघत राहिला.

मार्चमध्ये बर्फ वितळू लागला त्या आठवड्यात तो झोपेतच गेला.

दफनानंतर लोक जेवायला घरी आले. बाहेर चिखल आणि बोचरा वारा, पण आत इतकी ऊब होती की बायकांनी स्वेटर काढून खुर्च्यांवर टाकले. एवाल्ड दाराजवळच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

"घर छान तापतं हं तुझं," कुणीतरी म्हणालं.

वेल्गानं मान हलवली आणि ती दफनानंतरच्या रीतीचे वाटाणे वाढायला उठली.