दोन डाव्या बाह्या

टेलर मास्तरांचं वय शहात्तर, पण कुणी विचारलं तर आधी त्यालाच अंदाज करायला लावत, आणि तो पासष्ट म्हणाला की दिवसभर खुशीत असत. पहाटे उठून चालणं, बेताचं खाणं, दुपारी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं थेट पेनाने सोडवणं, सगळं शिस्तीत चाललेलं. शरीर ठणठणीत, डोकं शाबूत. म्हातारं कसं व्हावं ते आमच्याकडून शिका, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. माप देताना हलता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकं बिचारी ऐकून घेत.

त्यांच्या शिवणकामाच्या दुकानात मशीन लेक चालवायची. कापड बेतणं आणि कापणं मात्र मास्तरांचं. त्यांच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. लेकीने पूर्वी दोन-तीनदा विचारून पाहिलं होतं. अजून माझे हात चालताहेत की, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि पुढे तिनेही तो काढला नाही.

त्या मंगळवारी टेबलावर एका शिक्षिकेचं निळं लोकरी कापड होतं. तिच्या आईने कोटासाठी घेतलेलं आणि पेटीतच राहून गेलेलं. आई गेली, आता त्याचा कोट शिक्षिकेला स्वतःला हवा होता. कापड मुळात अपुरं. एरवी घडी घालून कापलं की डावी आणि उजवी बाही एकदम निघते, पण इथे घडी परवडणारी नव्हती. म्हणून मास्तरांनी कापड एकेरी पसरलं, कागदी नमुना ठेवून खडू फिरवला आणि एक बाही कापली. मग नमुना उलटा करायचा असतो. तो न उलटताच त्यांनी दुसरी कापली.

तुकडे शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही बाह्या डाव्या, आणि कापडाला सुलट-उलट बाजू असल्याने एक पालथी घालूनही भागणार नव्हतं. नवशिक्याने पहिल्या महिन्यात करावी आणि बोलणी खावी अशी चूक.

लेक खिडकीपाशी मशीनवर होती. मास्तरांनी तुकडे कागदाखाली सरकवले. कापड कमी पडलं म्हणून सांगितलं असतं तर शिक्षिकेने मान डोलावली असती, एवढा त्यांच्या शब्दाला भाव होता. डबा उघडला आणि तसाच बंद केला. शब्दकोड्याकडे तर त्यांनी बघितलंही नाही. भीती कापडाची नव्हती. कात्री सुटली की आपण उरणार कोण, तर रोज सकाळी चालायला जाणारा एक धडधाकट म्हातारा.

चारच्या सुमाराला त्यांनी लेकीला हाक मारली आणि कागद उचलला.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. हे शब्द त्या दुकानात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते.

लेकीने तुकडे निरखले. आता विश्रांती घ्या वगैरे काही ती म्हणाली नाही. यातून वाट कशी काढायची, एवढंच तिने विचारलं. तेव्हा कुठे मास्तरांचं डोकं ठिकाणावर आलं. कोटाच्या आतल्या पट्ट्यांना दुसरं कापड घेतलं तर उरलेल्यातून उजवी बाही निघत होती, फक्त काखेखाली एक जोड येणार होता. शिक्षिकेला फोन त्यांनीच केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हात वर केला तर जोड दिसेल का, असं तिने विचारलं. दिसेल, ते म्हणाले. चालेल, ती म्हणाली.

मास्तरांनी कात्री उचलली, हातात थोडा वेळ धरली आणि लेकीसमोर ठेवली.

“तू काप. मी शेजारी उभा राहतो, काही बोलणार नाही.”

लेकीने नमुना उलटा करून ठेवला, तो दोनदा तपासला आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मास्तर बघतच राहिले.

“चष्मा कधी लागला गं तुला?”

“झाली की सहा वर्षं. मशीनवर लावते, तेव्हा तुमची पाठ असते माझ्याकडे.” तिने खडूची रेघ ओढली. “बावन्न पूर्ण झाली मला, बाबा. आणखी थांबले असते, तर माझाच हात थरथरायला लागला असता.”

मास्तरांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. एवढी वर्षं या दुकानात आपण एकटेच म्हातारे होत आहोत, असं ते धरून चालले होते. ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि कापड हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं.